पाचशेचं

वास आधी तिसऱ्या मजल्यावरच्या ताम्हणकरबाईंना आला.
खिडकीतूनच विचारलं, "गाडी तुमचीच का हो?"
सत्त्याण्णवची आठशे, पांढरी, म्हणजे एके काळी पांढरी.
ऐरोलीच्या या सोसायटीत तशी दुसरी नाही,
तेव्हा तो प्रश्न नव्हता, निकाल होता.

वॉचमनने बिडी न पेटवताच कानामागे खोचली.
मी बॅटरीची तार काढली.
गाडीखाली कालचा पेपर पसरला,
कोपऱ्यांवर पेव्हर ब्लॉकचे तुकडे.
पेट्रोल पाण्यासारखा पुरावा ठेवत नाही,
थेंब पडतो, पसरतो, उडून जातो,
मागे एक पुसट कडं
बाजारभावाच्या पानावर.

बॉनेट उघडलं.
पंपाकडून कार्ब्युरेटरकडे जाणारा पाइप
दोन बोटांत वाकवला
तर बारीक भेगा उघडल्या,
थंडीत टाचेला पडतात तशा.
सोडल्यावर मिटल्या. अगदी साळसूद.
म्हटलं, सापडला चोर.

जुना तुकडा खिशात घालून दिघ्याच्या दुकानात,
मापाचा मीटरभर पाइप, सहा क्लिपा.
जुनं रबर नळीला धरून बसलेलं.
ओढायचं नसतं, एवढं मला कळतं,
ब्लेडने उभी चीर देऊन
केळं सोलावं तसं सोललं.
एक ओघळ मनगटापासून कोपरापर्यंत,
आधी गार, मग भाजल्यासारखा.
क्लिपा आवळल्या, घट्ट,
पण रबरात रुतणार नाहीत इतक्याच.
रात्री ऊर्मिलाने ताटात चमचा ठेवला,
काही बोलली नाही.

सकाळी पुन्हा वास.

रबाळ्याचा हिराजी मढवी बॉनेटकडे गेलाच नाही.
मागच्या चाकाशी उकिडवा बसला.
"टाकी केवढ्याची भरली?"
"फुल."
"त्याआधी फुल कवा भरलेली?"

आठवून पाहिलं.
पंपावरचा पोरगा मी काच खाली करायच्या आत
पाचशे दाबून मोकळा होतो.
त्याच्या आधीचा पोरगा तीनशे दाबायचा.
त्याच्याही आधी शंभर.
परवा, ऋजुताला चिपळूणला नोकरी लागली,
गादी, मिक्सर, पुस्तकं, ती आणि आम्ही दोघं,
तेव्हा तोंडातून निघालं, "फुल कर."
पोराने वाकून एकदा माझ्याकडे बघितलं होतं.

"पावडर हाय का घरात? तोंडाला लावायची."
ऋजुताने पिशवीत भरलेला डबा परत काढून आणला.
हिराजी पाठीवर सरकत आत गेला,
टाकीच्या गळ्याचा जाड पाइप पांढरा केला,
म्हणाला, "हलवा गाडी."
आम्ही डिकीवर हात ठेवून गाडी झुलवली.
पावडरमध्ये एक ओली रेघ उमटली
आणि सावकाश खाली आली.

"ह्यो वरचा पाइप," आतून आवाज,
"अर्ध्या टाकीला पेट्रोल इथवर येतच नाय.
कोरडाच ऱ्हायला इतकी वर्सं.
तुमाला वाटतं पेट्रोल रबर खातं.
खातं. पन कोरडं रबर त्याच्या आधी मरतं."

मी तिथेच बसून राहिलो, हातात डबा.
त्याला काही सुचवायचं नव्हतं.
त्याला दहाचा पाना हवा होता.

टाकी उपसून कॅन भरला,
नवा पाइप बसला,
मजुरी म्हणून कॅनच त्याने ठेवून घेतला,
चहाचे वेगळे.

सोमवारी पहाटे निघालो.
पंपावर पोराचं बोट सवयीने पाचकडे गेलं.
मागून, गादीच्या वळकटीआडून,
ऋजुता म्हणाली, "फुल."
आकडा पळत राहिला,
पाचशेपाशी थबकला नाही,
हजारापाशीही नाही.
मग नोझल कट्कन थांबलं.

उतरलो. पॅन्ट वर ओढून
मागच्या चाकाशी गुडघे टेकले,
नाक पाइपापाशी नेलं.
"आला का?" ऊर्मिलाने आतून विचारलं.
नव्या रबराचा येत होता, चपलेच्या दुकानासारखा.
मागच्या टेम्पोने हॉर्न दिला.
मी आणखी एकदा हुंगून घेतलं.